लॅम्प आधी घ्यावा की ड्रिल मशीन? (नखांचं काम करणाऱ्यांनी जरा इकडे यावं)

नखरंग

नमस्कार मंडळी. चार वर्षं दुसऱ्यांच्या सलूनमध्ये नखांचं काम केलं. पुढच्या महिन्यापासून स्वतःचं टेबल मांडतेय. इतके दिवस खुर्चीत बसलं की सगळं हाताशी असायचं, त्यामुळे सामानाचा विचार कधी केलाच नव्हता. आता यादी करायला बसले तर ती संपतच नाही.

गोची अशी की हातातल्या पैशांत एकच वस्तू दर्जेदार बसतेय: जेल घट्ट करायचा लॅम्प किंवा नखं घासायचं ड्रिल. दुसरी कामचलाऊ घ्यावी लागेल. माझा कल ड्रिलकडे आहे. लॅम्प काय, शेवटी दिवाच तो! एका मैत्रिणीने तिचा जुना ३६ वॅटचा दिलाय, तो चालतो की.

एक अडचण मात्र आहे. सरावासाठी बहिणीला आणि तिच्या मैत्रिणींना जेल लावून दिलं, तर पाच-सहा दिवसांत कडेने सुटायला लागलं. अंगठ्याचं तर सगळ्यात आधी. खालचा थर म्हणजे बेस एका कंपनीचा, रंग दुसऱ्या, वरचा टॉप तिसऱ्या. बाटलीच खराब आली असणार असं वाटतंय.

आणि जाता जाता: थंडीने माझ्या डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं टोकाला फुटलीत, झोंबतात. एखादं चांगलं मलम माहीत असेल तर तेही सांगा.

खटपट्या

"शेवटी दिवाच तो" हे वाक्य जपून ठेवा. धागा संपेपर्यंत लागणार आहे.

शिरवाळ

नखरंग, बाटलीला दोष देऊ नकोस. तुझा दिवाच बघायला हवा.

साधं नेलपॉलिश वाळतं. त्यातलं द्रावक उडून जातं आणि रंगाचा पापुद्रा मागे राहतो. जेल वाळत नाही, ते घट्ट होतं. आतले सुटे रेणू एकमेकांना धरून साखळ्या करतात, आणि त्यांना कामाला लावणारा जो घटक जेलमध्ये असतो तो ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशानेच जागा होतो. जुन्या ट्यूबच्या लॅम्पचा भर ३६५ नॅनोमीटरच्या आसपास असतो. (तुझा तो नऊ-नऊ वॅटच्या चार ट्यूबचाच असणार.) हल्लीचे एलईडी बहुतेक ३६५ आणि ४०५ असे दोन जातींचे दिवे मिळून येतात. जेल एलईडीसाठी बनवलेलं आणि लॅम्प ट्यूबचा, असं असेल तर नुसता वेळ वाढवून भागेलच असं नाही.

त्यात ट्यूब म्हातारी होते. निळा उजेड दिसत राहतो म्हणून आपल्याला वाटतं चालू आहे, पण कामाचा प्रकाश केव्हाच उतरलेला असतो. मैत्रिणीने त्या ट्यूब शेवटच्या कधी बदलल्या होत्या, विचार तिला.

अंगठ्याचं कोडं सोपं आहे. चार बोटं सपाट ठेवली की अंगठा आडवा पडतो आणि त्याचं नख भिंतीकडे तोंड करून बसतं. चार बोटं आधी, मग दोन्ही अंगठे शेजारी शेजारी सरळ ठेवून वेगळे. मी चौदा वर्षं असंच करतेय. क्लायंट घाईत असली तरी.

घासू

शिरवाळताईंबद्दल आदर आहे, पण माझं मत ड्रिललाच. लॅम्प मध्यम असला तरी निभावतं. वाईट ड्रिल थेट क्लायंटच्या नखावर छाप सोडतं.

स्वस्त मशीनवर ३०-३५ हजार आरपीएम (मिनिटाला फेरे) असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. वेग कुणाला हवाय? मी नैसर्गिक नखाजवळ सात-आठ हजारांच्या वर जात नाही. बघायचा तो जोर. दाब आला की स्वस्त मशीन मंदावतं, ते मंदावलं की आपण आणखी दाबतो, आणि क्लायंट हात मागे ओढते. नखावर लाल कडी उमटलेली पाहिलीच असतील, ती याच दाबण्याची आणि एका जागी थांबण्याची. दुसरं म्हणजे बिटचं, म्हणजे पुढे बसवायच्या घासणाऱ्या तुकड्याचं, डोलणं. बिट बसवून मशीन चालू कर आणि टोकाकडे बघ. टोक ठिपक्यासारखं स्थिर दिसलं पाहिजे. धुरकट वर्तुळ दिसलं तर दुकानातूनच परत.

बिटचा दांडा ३/३२ इंचाचा, म्हणजे २.३५ मिमी, आहे ना ते बघून घे. मग कुठल्याही कंपनीची बिट बसतात.

भिंगरी

मी अजून हाताच्या फाइलवरच आहे आणि माझ्या क्लायंट पळून गेलेल्या नाहीत :)

नवीन टेबल मांडणाऱ्यांनी ड्रिलमागे धावण्याआधी फाइलचे आकडे पाठ करावेत. आकडा जेवढा लहान तेवढी फाइल खरखरीत. १०० ची ॲक्रिलिकच्या कृत्रिम नखांसाठी, १८० ची आकार देण्यासाठी, आणि नैसर्गिक नखाला २४० च्या खाली नको. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीने बेस लावायच्या आधी "पकड यावी म्हणून" १०० ची फाइल नखावर चालवली होती. क्लायंटचं नख कागदासारखं झालं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं. म्हणजे ती चूक पुढे सरकून कापली जायला सहा महिने!

आणि नवीन फाइलची कड आधी दुसऱ्या फाइलने मारून घ्या. कोऱ्या कडेने कातडी कापली जाते.

रसायनवाला

मी सलूनवाला नाही. पॉलिमरच्या धंद्यात आहे, बायको नखांचं काम करते म्हणून इथे वाचत असतो. शिरवाळ यांनी बरोबर लिहिलंय, थोडी भर घालतो.

वॅट म्हणजे लॅम्प वीज किती खातो. त्यातला किती प्रकाश, कोणत्या तरंगलांबीचा, नखापर्यंत पोचतो हे वॅटवरून कळत नाही. त्यामुळे ४८ की १२० हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. ज्या कंपनीचं जेल, त्याच कंपनीने त्या जेलवर तपासलेला लॅम्प, हे कंटाळवाणं उत्तरच खरं आहे. तीन कंपन्यांच्या तीन बाटल्या एका दिव्याखाली ठेवल्या तर तिघींना पुरेल असा प्रकाश मिळाला की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही.

खरी फसवणूक पुढेच आहे. अर्धवट घट्ट झालेलं जेल हाताला कडक लागतं. वरचा चिकट थर पुसला की खाली चकचकीत, ठणठणीत. (तो चिकटपणा हवेतल्या ऑक्सिजनमुळे. तो वरच्या थरातली साखळी पुरी होऊ देत नाही, त्यामुळे चांगल्या लॅम्पखालीही बऱ्याच जेलवर तो राहतोच.) पण तळाशी नखाला लागून सुटे रेणू तसेच राहिलेले असू शकतात. काळा आणि पांढरा रंग तर प्रकाश खाली जाऊच देत नाहीत. म्हणून पातळ थर. एक जाड थर द्यायचा मोह झाला तर दोन पातळ द्यावेत.

जाड थराचा दुसरा तोटा क्लायंट लगेच सांगते: "गरम! गरम!" साखळ्या जुळताना उष्णता सुटते. जेल जास्त असेल तर तीही जास्त.

खटपट्या

आमच्या हिची अख्खी जिंदगी "गरम! गरम!" ऐकण्यात गेली. मला वाटायचं चहाबद्दल बोलतायत.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितोय. बायको घरूनच काम करते. लॅम्प-ड्रिलच्या भांडणात धूळ ओढणाऱ्या पंख्याचं नाव कुणीच काढलं नाही म्हणून राहवलं नाही. आमच्याकडे पहिलं वर्ष तो नव्हता. पांढरी भुकटी कपाटात, उशीवर, माझ्या चष्म्यावर. हल्ली टेबलात बसवलेला आहे आणि फरक डोळ्यांना दिसतो.

मास्कबद्दल एक शंका: एन९५ लावला की वासही थांबतो का?

रसायनवाला

नाही. एन९५ धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. ॲक्रिलिकच्या द्रवाचा वास म्हणजे वाफ, तिला सक्रिय कोळशाचा थर लागतो. कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मास्क धूळ आणि वाफ दोन्हींना उघडाच. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे द्रवाच्या वाटीवर झाकण, कचऱ्याच्या डब्यावर झाकण, आणि भिजलेला टिशू टेबलावर पसरून न ठेवणं.

पाठदुखी

ड्रिल घ्या, लॅम्प घ्या, पण आधी खुर्ची घ्या. माझं नाव वाचा.

थट्टा नाही. क्लायंटच्या हाताखालची उशी दोन बोटं उंच केली तेव्हा माझी मान सरळ झाली. त्याआधी डॉक्टर, मालिश, पट्टे सगळं करून झालं होतं. आणि टेबलावरचा दिवा पांढरा, लवता येणारा हवा. पिवळ्या उजेडात क्युटिकल राहून गेलंय हे दिसत नाही, आणि तिथूनच लिफ्टिंग, म्हणजे जेल सुटणं, सुरू होतं.

शिरवाळ

पाठदुखी यांच्या शेवटच्या वाक्याला +१. निम्मं लिफ्टिंग प्रेपमधलं, म्हणजे जेल लावायच्या आधीच्या तयारीतलं, असतं. नखावर चिकटलेला मेलेला पापुद्रा म्हणजे क्युटिकल, तो काढायचा. त्यामागची जिवंत कातडीची घडी कापायची नाही. क्युटिकल कापायचं निपर हातात आलं की लोकांना कापण्याचा चेव येतो.

घासू, तुझं एक पटलं नाही. "लॅम्प मध्यम असला तरी निभावतं" म्हणतोस. ड्रिलची चूक समोर दिसते, क्लायंट ओरडते, आपण थांबतो. लॅम्पची चूक कुणालाच दिसत नाही.

घासू

बरं, मानलं. "निभावतं" मागे घेतो. पण सिरॅमिक बिटबद्दल तुम्ही मागच्या धाग्यात जे म्हणालात ते मागे घेत नाही.

शिरवाळ

सिरॅमिक कमी तापतं असं म्हणाले होते. हात हलता ठेवला नाही तर सगळंच तापतं, हेही म्हणाले होते. अर्धंच वाचायची सवय आहे तुला.

भिंगरी

तुम्हा दोघांचा वेगळा धागा काढा :D

अबोली_१२

कुणीतरी निर्जंतुकीकरणावर लिहील म्हणून वाट बघत होते. निळा दिवा लावलेली ती पेटी, जिच्यात निपर ठेवून क्लायंटला दाखवतात, ती निर्जंतुक करत नाही. उजेड पोचेल तेवढ्याच पृष्ठभागावर जे काय होईल ते. निपरच्या सांध्यात, क्युटिकल मागे सारायच्या पुशरच्या खालच्या बाजूला सावली असते. स्वच्छ केलेली वस्तू ठेवायला कपाट म्हणून ठीक.

माझी पद्धत: आधी साबण-पाणी आणि ब्रश. मळ असेल तर पुढचं द्रावण निरुपयोगी. मग जंतुनाशक द्रावणात पूर्ण बुडवून, बाटलीवर लिहिलेली मिनिटं घड्याळ लावून. मग कोरडं करून पाऊचमध्ये घालून ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेचं यंत्र: १२१ अंशांवर पंधरा मिनिटं किंवा १३४ वर तीन. लहान यंत्रांना पुढे सुकवायला वेळ लागतो तो वेगळा. फाइल, बफर, लाकडी काडी यातलं काहीच धुऊन परत वापरता येत नाही. एक तर फेकायची, नाहीतर त्याच क्लायंटच्या घरी पाठवायची.

पायांच्या टबाबद्दल बेफिकीर असाल तर: २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका सलूनमध्ये टबांमुळे शंभराहून जास्त ग्राहकांच्या पायांवर गळवं उठली. पाणी आत ओढणाऱ्या जाळीच्या मागे केस आणि कातडीचा गाळ साचलेला होता, तिथे जंतू वाढले होते. वरून टब चकाचक असणार. जाळी काढून मागे बघायची सवय लावा.

खटपट्या

मी आता चपला घालूनच झोपणार.

चिमटा

सगळा धागा एका बैठकीत वाचला. लॅम्प, ड्रिल, खुर्ची, टब सगळं आलं, पण नखरंगने पहिल्याच प्रतिसादात जे लिहिलं त्यावर कुणाचंच लक्ष नाही.

नखरंग, थंडी काय तुझ्या डाव्या हाताच्या तीनच बोटांना वाजते?

तू उजव्या हाताने ब्रश धरत असणार. डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं म्हणजे क्लायंटचं बोट धरणारी, आणि नखाबाहेर गेलेलं जेल चटकन पुसून टाकणारी. खरं सांग, कातडीवर आलेलं जेल तू अंगठ्याने पुसतेस ना? मीही तेच करत होते. माझी बोटं फुटली तेव्हा मीही थंडी म्हणाले, मग भांड्यांचा साबण म्हणाले, मग वय म्हणाले. दीड वर्ष गेलं.

मलम विचारू नकोस. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि "ॲक्रिलेटसाठी पॅच टेस्ट करायची आहे" असं तोंडाने सांग. (ॲक्रिलेट म्हणजे जेल-ॲक्रिलिकमधली रसायनं, पॅच टेस्ट म्हणजे ॲलर्जीची तपासणी.) नुसतं बोट दाखवलंस तर एक्झिमा म्हणून ट्यूब लिहून देतील, ती लावलीस की बरं वाटेल आणि तू परत कामाला बसशील.

नखरंग

अंगठ्याने पुसते. हो. पण चार वर्षं रोज तेच करतेय, तेव्हा काही झालं नाही. आणि काम करताना बरेचदा हातमोजेही असतात.

रसायनवाला

चिमटा यांना दंडवत. माझ्या नजरेतून सुटलं, आणि मला तरी दिसायला हवं होतं.

"चार वर्षं काही झालं नाही" हा या ॲलर्जीचा स्वभावच आहे. पहिल्या दिवशी भाजतं ते वेगळं. इथे शरीर हळूहळू ओळख पटवून घेतं आणि एक दिवस ठरवतं, बस. त्यानंतर सहसा आयुष्यभर पाठ सोडत नाही. मुख्य गुन्हेगार हेमा, म्हणजे हायड्रॉक्सीएथिल मेथाक्रिलेट. बऱ्याच जेलच्या बेसमध्ये असतो कारण नखाला छान धरतो. रेणू अगदी छोटा, कातडीत सहज शिरतो. घट्ट झालेल्या साखळीत अडकला की बिनधोक, सुटा असला की नाही. म्हणून अर्धवट पिकलेलं जेल नुसतं लवकर सुटतं म्हणून वाईट नाही. नखरंग, तुझ्या बहिणीच्या बोटांकडेही लक्ष ठेव.

हातमोज्यांचं: नायट्राइलच्या मोज्यांमधून हे रेणू काही मिनिटांत आरपार जातात. लॅटेक्सवर तर मुळीच विसंबू नका. मोज्यावर जेल सांडलं की मोजा लगेच बदलायचा. सांडलेलं मोज्याने पुसून तासभर तोच घालून बसणं म्हणजे कातडीवर पोटीस बांधल्यासारखं.

युरोपीय संघाने २०२० साली नियम करून हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिक वापरापुरती ठेवली, वर ॲलर्जीची सूचना छापणं सक्तीचं केलं. जेल घट्ट करणाऱ्या घटकांपैकी टीपीओवर तिथे १ सप्टेंबर २०२५ पासून बंदीच आहे, पण ती ॲलर्जीसाठी नव्हे, प्रजननक्षमतेला धोका म्हणून.

रातराणी

"हेमा-फ्री" लिहिलेलं घेतलं की सुटलो, असं मला वाटलं होतं. हेमा नसलं तरी त्याची भावंडं असतातच आत. मला हेमाबरोबर आणखी दोन निघाली.

आणि दाताच्या डॉक्टरांना नक्की सांगायचं. पांढऱ्या सिमेंटची फिलिंग असते ना, तिच्यातही याच कुळातली रसायनं असतात. माझ्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरं झालं आधी सांगितलंत, त्यांनी मोजे आणि पद्धत बदलली. नखांचं ॲक्रिलिक मुळात दंतवैद्यकातूनच या धंद्यात आलंय म्हणतात, तर हे नातं जुनंच.

खटपट्या

या वेळी विनोद सुचत नाहीये. नखरंग, जाऊन या.

घासू

जा आणि इथे येऊन सांग. आणि तोवर जुनं जेल ड्रिलने उडवायचं काम करू नकोस, ती भुकटीही मनगटावर, मानेवर, पापण्यांवर बसते. मी ड्रिलवाला असून सांगतोय.

नखरंग

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा.

पॅच टेस्ट झाली. दोन दिवस पाठीवर पट्ट्या, अंघोळ नाही, मग पट्ट्या काढून एकदा आणि दोन दिवसांनी पुन्हा एकदा तपासणी. हेमाच्या जागी लाल, फुगलेला चौकोन. दुसऱ्या तपासणीला पहिल्यापेक्षा जास्त. चिमटाताई, तुम्ही लिहिलं नसतं तर मी अजून मलमच शोधत बसले असते. घरी दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

बहिणीची बोटं ठीक आहेत. सगळ्यांचं जेल शिरवाळताईंच्या ओळखीतल्या एकीकडे नीट काढून घेतलं: ॲसिटोन, फॉइल, पंधरा मिनिटं, खरवडणं नाही. त्या जुन्या लॅम्पच्या ट्यूब मैत्रिणीने कधीच बदलल्या नव्हत्या. त्या बदलता येतात हेच तिला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी काम सोडा असं सांगितलं नाही, जेल आणि ॲक्रिलिक सोडा म्हणाले. तर टेबल मांडतेय, पण नैसर्गिक नखांचं. मॅनिक्युअर, पेडिक्युअर, साधं पॉलिश. त्यात ॲक्रिलेट नाही, बाटलीमागचं बारीक अक्षर भिंग लावून वाचलंय. कुणाच्या नखावर आधीचं जेल असेल तर ते काढून आल्याशिवाय घेणार नाही, तशी पाटीच लावतेय.

त्यामुळे लॅम्पही नाही आणि भारी ड्रिलही नाही. ते पैसे छोट्या ऑटोक्लेव्हला आणि तीन चांगल्या निपरना. तीन यासाठी की एक वापरात, एक यंत्रात, एक धार लावायला.

अबोली_१२

ऑटोक्लेव्ह! या धाग्यात माझा पक्ष जिंकला. ऊर्ध्वपातित पाणीच घाल हं, नळाचं घातलंस तर निपरवर पांढरे डाग पडतात. आणि निपरच्या सांध्यात तेलाचा एक थेंब, पाऊचमध्ये घालायच्या आधी. आम्ही उपकरणांचं खास तेल वापरतो, वाफेत चालणारं. स्वयंपाकाचं किंवा शिवणयंत्राचं नको.

घासू

पायाच्या टाचांना छोटं ड्रिल लागेलच तुला. मी फक्त सांगून ठेवतो.

नखरंग

लागेल तेव्हा विचारेन, दादा. धुरकट वर्तुळ दिसलं तर दुकानातूनच परत, लक्षात आहे. निपर घेताना धार कशी तपासायची तेवढं आत्ता सांगा कुणीतरी, उद्या जातेय.

शिरवाळ

ओला टिशू घेऊन जा. टोकाने कापून बघ. सरळ कापला गेला तर घे, फाटला किंवा पात्यांत अडकला तर ठेव खाली. आणि उजेडाकडे धरून मिट. पात्यांमध्ये फट दिसता कामा नये. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.